उल्मचे धन्यवादित याकोब : काच रंगविणारे सेवकबंधू

महोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या पुण्यपुरुषाचे चरित्र द्यावे, अशी आपल्याकडे चाल आहे. अशा प्रसंगी बहुधा एखाद्या थोर धर्मोपदेशकाची, रक्तसाक्ष्याची किंवा धर्मपंडिताची निवड होते. आम्ही ह्या खेपेस एका कारागिराची निवड केली आहे. उल्मचे याकोब ग्रीसिंगर ह्यांनी धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला नाही, व्यासपीठावरून प्रवचन केले नाही, आणि ते धर्मगुरू नसल्यामुळे त्यांच्या हातून मिस्साबलीही कधी अर्पण झाला नाही. बोलोन्या नगरातील एका मठात त्यांनी आयुष्याची पन्नास वर्षे घालविली. झोळी घेऊन दारोदार भिक्षा मागणे आणि ख्रिस्तमंदिरांच्या खिडक्यांसाठी काच रंगविणे, ही त्यांची कामे. त्यांच्या मृत्यूस आज पाचशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही काच रंगविणारे कारागीर त्यांना आपले आश्रयदाते मानतात, आणि ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादितांच्या मालिकेत बसविले आहे.

इतक्या दूरच्या माणसाचा एटापल्ली तालुक्यातील आपल्या रानावनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. रंगीत काचेची ही कला तीन वस्तूंवर उभी आहे: लाकडाची राख, लोखंडाचे भस्म आणि भट्टीचा विस्तव. सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे, हे आपल्याकडील लहान मूलही जाणते. जुन्या चांदा जिल्ह्यात मातीच्या लहान भट्ट्यांतून, कोळसा आणि भाते ह्यांच्या साहाय्याने, लोखंड गाळणारे लोक एकोणिसाव्या शतकातही होते. विस्तवापाशी बसणाऱ्या माणसाला कसला धीर आणि कसली नजर लागते, हे ह्या भूमीतील लोकांना फार समजावून सांगावे लागू नये. म्हणूनच हे चरित्र आम्ही त्यांच्यापुढे ठेवीत आहो.

याकोबांचा जन्म १४०७ साली जर्मनीतील उल्म ह्या नगरात झाला. डॅन्यूब नदीच्या काठचे हे शहर व्यापाराने भरभराटीस आलेले होते, आणि याकोबांचे वडीलही व्यापारीच होते. उल्मच्या नागरिकांनी १३७७ साली आपल्या महामंदिराचा पाया घातला होता. ते काम एवढे प्रचंड होते की, त्याचा मनोरा १८९० साली पुरा झाला. त्याची उंची १६१ मीटरांहून अधिक आहे. याकोबांच्या बालपणी ह्या मंदिराच्या आवारात पाथरवट, गवंडी, सुतार आणि लोहार ह्यांची वर्दळ असे, आणि त्यांच्याबरोबर काच रंगविणारेही असत. याकोब पंचविशीस आले त्या सुमारास हान्स आकर नावाच्या कारागिराने त्याच मंदिरातील बेसरर घराण्याच्या उपमंदिरासाठी खिडक्या केल्या. त्या आजही पाहावयास मिळतात. अशा गावात वाढलेल्या मुलाने ही कला आत्मसात केली, ह्यात नवल नाही.

आता ही कला म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईस विद्यापीठाचे जुने ग्रंथालय व त्याचा १८७८ साली पुरा झालेला राजाबाई मनोरा पाहिला असेल, त्यांना रंगीत काचेची खिडकी परिचित असेल. पुष्कळांची अशी समजूत असते की, अखंड काचेवर रंगाने चित्र काढले म्हणजे अशी खिडकी तयार होते. वस्तुस्थिती तशी नाही. निळा, तांबडा, हिरवा, जांभळा हे रंग काच वितळत असतानाच तिच्यात मिसळलेले असतात. वाळू आणि राख एकत्र वितळवून काच बनते. उत्तरेकडील देशांत ही राख बीच नावाच्या रानझाडाच्या लाकडाची असे. त्यामुळे काच करणारे लोक आपल्या भट्ट्या रानातच मांडीत, आणि त्या काचेला रानकाच हेच नाव पडले होते. त्या रसात कोबाल्ट घातले की काच निळी होते, मँगनीजने जांभळी, आणि तांब्याने भट्टीतील हवेप्रमाणे हिरवी किंवा तांबडी.

अशा रंगीत काचांतून चित्राच्या मापाचे तुकडे कापीत. हिऱ्याने काच कापण्याची रीत तेव्हा रूढ नव्हती. तापलेल्या लोखंडी सळईने काचेस तडा देत, आणि मग खाचेच्या हत्याराने कडा कुरतडून तुकडा नेमका बसवीत. मुखावरील डोळे, केसांच्या बटा, वस्त्राच्या चुण्या आणि किनारीची वेलबुट्टी मात्र काढावी लागे. त्यासाठीचा काळसर रंग लोखंडाचे किंवा तांब्याचे भस्म आणि काचेची वस्त्रगाळ पूड एकत्र खलून, ती द्राक्षारसात किंवा डिंकाच्या पाण्यात कालवून करीत. रंगविलेले तुकडे भट्टीत भाजले म्हणजे तो रंग काचेशी एकजीव होई. शेवटी खोबणीच्या शिशाच्या पट्ट्यांत हे तुकडे बसवून सांधे कथलाने जोडीत, आणि सारी चौकट लोखंडी गजांच्या आधाराने खिडकीत उभी करीत.

ह्या सर्व कामांत अत्यंत नाजूक काम भाजण्याचे. तुकडे चुन्याच्या किंवा राखेच्या थरावर पसरून लोखंडी पत्र्यांवर रचावयाचे आणि भट्टीत लाकडाचा जाळ करावयाचा. काच मंद लाल दिसू लागेपर्यंत ताप चढवावयाचा, पण ती वितळू द्यावयाची नाही. ताप कमी पडला तर रंग पक्का होत नाही आणि काही पावसाळ्यांत झडून जातो. ताप अधिक झाला तर काच वाकते, रेषा विरघळून मुखावरचे भाव नाहीसे होतात. भट्टी घाईने थंड केली तर काचेस तडे जातात. त्या काळी ताप मोजण्याचे यंत्र नव्हते. कारागिराचा डोळा हेच यंत्र होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील कथेचे मर्म तिच्यात आहे.

१४३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, याकोब घर सोडून यात्रेकरू म्हणून रोमला गेले. तेथून ते दक्षिणेस नेपल्सकडे गेले, आणि शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले. नेपल्सच्या गादीसाठी तेव्हा लढाया चालू होत्या. सैन्यातील लुटालूट, जुगार आणि दुराचार पाहून त्यांचे मन विटले. सोबत्यांस वळण लागावे म्हणून त्यांनी आपले आचरण शुद्ध ठेविले, पण त्याचा परिणाम झाला नाही. अखेर ते काम सोडून त्यांनी कापुआ गावी एका वकिलाच्या घरी नोकरी धरली. ह्या धन्याचा त्यांच्यावर इतका विश्वास बसला की, तो त्यांना जाऊ देईना. पुढे ते तेथून निघाले. स्वदेशी परतण्याचा त्यांचा विचार होता. वाटेत बोलोन्या येथे ते पुन्हा सैन्यात शिरले.

आपल्या भागातील तरुण हंगामात मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात, कोणी नागपूरला, कोणी त्याहून दूर कामधंद्यास जातात. परक्या मुलखात माणसाचे काय होते, हे त्यांच्या मातापित्यांना ठाऊक आहे. याकोबांनीही अशी कित्येक वर्षे परमुलखात काढली. हातात उत्तम कला असून तिचा त्यांना उपयोग नव्हता, आणि जे काम मिळाले त्यात मन नव्हते. त्यांच्या चरित्रातील ही वर्षे कित्येक लेखक दोन ओळींत आटोपतात. आम्हांस ती महत्त्वाची वाटतात. चौतिसाव्या वर्षापर्यंत ज्याला आपली जागा सापडली नाही, अशा माणसालाही देव विसरत नाही, ह्याचा दाखला ह्या वर्षांत आहे.

बोलोन्या येथे संत दोमिनिक ह्यांचे समाधिस्थान आहे. १२२१ साली त्यांनी तेथेच देह ठेविला. शिपाई याकोब त्या मंदिरात प्रार्थनेस जाऊ लागले, आणि १४४१ साली त्यांनी तेथील मठात सेवकबंधू म्हणून प्रवेश केला. सेवकबंधू म्हणजे तिन्ही व्रते घेतलेला, परंतु धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेला मठवासी. मठातील स्वयंपाक, झाडलोट, दारावरची राखण, भिक्षा हा त्याचा भाग. आपल्याकडे पूर्वी विद्यार्थी माधुकरी मागत, तशी त्या मठातील बंधूंना नगरात हिंडून भाकरी व वस्त्रे ह्यांची भिक्षा आणावी लागे. याकोबांनी ही सर्व कामे केली. त्यांच्या हातातील कला मठाधिपतींच्या ध्यानात आल्यावर त्यांना काच रंगविण्याचे कामही सोपविण्यात आले.

येथून पुढे बोलोन्या नगरातील मंदिरांस त्यांच्या हातच्या खिडक्या मिळू लागल्या. त्यांपैकी बहुतेक काळाच्या ओघात नष्ट झाल्या, कारण काचेचे आयुष्य दैवाधीन असते. तथापि नगराच्या मुख्य चौकातील संत पेत्रोनियो ह्यांच्या विशाल मंदिरात एका उपमंदिराची मोठी खिडकी १४६४ ते १४६६ ह्या वर्षांत त्यांनी केली, ती अद्याप उभी आहे. ह्या मंदिराचा पाया १३९० साली नगरवासीयांनीच घातला होता. ज्या मुलाने उल्म येथे एका नगराचे मंदिर उभे राहताना पाहिले, त्याने प्रौढपणी दुसऱ्या नगराच्या तशाच मंदिराला आपल्या हाताने प्रकाश दिला.

आता ती भट्टीची कथा सांगतो. एके दिवशी याकोबांनी मोठ्या मेहनतीने रंगविलेले मोलाचे काम भट्टीत ठेविले होते. जाळ चढत होता, आणि कारागिराने तेथून डोळा काढू नये, अशी ती वेळ होती. तेवढ्यात मठाधिपतींची आज्ञा आली की, त्यांनी तत्काळ नगरात भिक्षेस निघावे. कित्येक आठवड्यांचे श्रम राख होण्याचा संभव होता. याकोबांनी सबब सांगितली नाही, वेळ मागून घेतला नाही. झोळी खांद्यावर टाकून ते निघाले. घरोघर फिरून ते परत आले आणि त्यांनी भट्टी उघडली, तेव्हा काच न वाकता, न तडकता उत्तम भाजून निघाली होती. त्यांच्या चरित्रकारांनी ही देवाची विशेष कृपा मानिली आहे.

ह्या कथेकडे दोन बाजूंनी पाहता येते, आणि दोन्ही बाजू पाहणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पहिली बाजू आज्ञा पाळणाऱ्याची. याकोबांना आपल्या कामाची किंमत नव्हती म्हणून ते उठले, असे मुळीच नव्हे. ज्याला किंमत नसते तो इतके सुंदर काम करीतच नाही. काम त्यांना प्रिय होते. परंतु ते ज्याच्यासाठी चालले होते तो त्यांना अधिक प्रिय होता. देवाच्या मंदिराची काच आणि देवाच्या गरिबांची भाकरी ह्यांत त्यांनी थोरधाकटेपणा केला नाही.

दुसरी बाजू आज्ञा देणाऱ्याची. भट्टीत काय आहे ह्याची चौकशी न करता माणसाला उठविणे सोपे असते. ज्यांच्या हाती थोडाबहुत अधिकार आहे, मग तो घरातील वडील असो, शेताचा मालक असो, शिक्षक असो वा आमच्यासारखा धर्मगुरू असो, त्याने ही कथा आज्ञापालनाचा धडा म्हणून दुसऱ्यांस सांगण्यापूर्वी स्वतःस सांगावी. देवाने त्या दिवशी काच राखिली; म्हणून आपण रोज दुसऱ्याच्या श्रमांची परीक्षा पाहावी, असा तिचा अर्थ होत नाही. कारागिराच्या नम्रतेचे पुण्य कारागिराचे; तिचा गैरफायदा घेणाऱ्याला त्यातील वाटा नाही.

त्यांच्या आज्ञाधारकपणाची दुसरीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एक थोर धर्माधिकारी मठास भेट देण्यास आले होते. ह्या बंधूची कीर्ती त्यांनी ऐकली होती, आणि ती खरी आहे काय हे त्यांना पाहावयाचे होते. मठाधिपतींनी याकोबांना बोलावून एक पत्र तत्काळ पॅरिसला पोहोचविण्यास सांगितले. बोलोन्याहून पॅरिसला पायी जावयाचे म्हणजे आल्प्स पर्वत ओलांडून शेकडो मैलांचा, कित्येक आठवड्यांचा प्रवास. याकोबांनी वाटखर्चाचा किंवा सोबतीचा प्रश्न काढला नाही. आपल्या खोलीत जाऊन काठी घेऊन येण्यापुरती परवानगी त्यांनी मागितली. अर्थात त्यांना पाठविण्यात आले नाही. पाहुण्यांची शंका तेवढ्यानेच फिटली.

येथे आणखी एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे, कारण ती पुष्कळ ठिकाणी छापली जाते. काचेवर सोनेरी पिवळा रंग चढविण्याची युक्ती याकोबांनी शोधून काढली, असे म्हणतात. भाजावयाच्या काचेवर त्यांच्या अंगरख्याचे चांदीचे बटण पडले, ते भट्टीत गेले आणि काचेवर पिवळा डाग उमटला, अशी ती कथा आहे. तीत रसायनाचा भाग खरा आहे. चांदीचा क्षार मातीत कालवून काचेच्या पाठीस लावला आणि ती भाजली, तर चांदी काचेच्या अंगात शिरते. वरची माती पुसून टाकल्यावर लिंबापासून मधापर्यंतच्या छटांचा स्वच्छ पिवळा रंग दिसतो. संतांच्या मस्तकामागील तेजोवलय, राजमुकुट आणि वस्त्रांची किनार ह्याच रंगाने खुलते. परंतु ही युक्ती याकोबांच्या जन्मापूर्वीची आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील एका खेड्याच्या मंदिरात १३१३ सालच्या खिडकीवर ती आढळते. आणि इजिप्त देशातील कारागीर काचेच्या भांड्यांवर चांदीने नक्षी काढीत, तो काळ तर आठव्या शतकाचा.

कोणी भाविक म्हणेल की, ही गोष्ट सांगून आम्ही एका पुण्यपुरुषाचा मान कमी केला. आम्हांस तसे वाटत नाही. पुण्यवानाला खोट्या दागिन्याची गरज नसते. नव्या शोधाचा मान न मिळाल्यामुळे याकोबांचे काहीच जात नाही, कारण त्यांनी तो कधी मागितला नव्हता. नॉर्मंडीतील ज्या अज्ञात कारागिराने, किंवा त्याच्याही पूर्वी नाईल नदीकाठच्या ज्या अज्ञात कारागिराने हे प्रथम साधले, त्याचे श्रेय त्याच्याकडे जाऊ द्यावे, हेच न्यायाचे. सत्य सांगितल्याने भक्ती उणावत असेल, तर ती भक्ती आधीच कच्ची भाजलेली होती असे समजावे.

याकोबांची कला त्यांच्याबरोबर संपली नाही. मठातील इतर बंधूंना त्यांनी ती शिकविली. त्यांपैकी सोन्चिनो गावचे बंधू आंब्रोजिनो हे स्वतः नामांकित कारागीर झाले, आणि आपल्या गुरूचे चरित्र त्यांनीच लिहून ठेविले. ज्या माणसाने स्वतःविषयी एक ओळही मागे ठेविली नाही, त्याची आठवण त्याच्या शिष्याने राखली. काम शिकविताना गुरूने रंगाबरोबर आणखीही काही दिले असले पाहिजे, एरवी शिष्य चरित्र लिहावयास बसत नाही.

११ ऑक्टोबर १४९१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, याकोबांनी बोलोन्याच्या त्याच मठात देह ठेविला. मठप्रवेशापासून ती पन्नास वर्षे होती. आपल्या भाषेत बोलावयाचे तर तो त्यांचा सुवर्णमहोत्सव होता. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १४९४ साली, मायकेल अँजेलो नावाचा एक तरुण शिल्पकार त्याच मंदिरात आला आणि संत दोमिनिक ह्यांच्या समाधीसाठी त्याने संगमरवरी देवदूत कोरला. त्याचे नाव जगाच्या तोंडी आहे. त्याच मंदिरात पन्नास वर्षे वावरलेल्या सेवकबंधूचे नाव थोड्यांस ठाऊक आहे. ख्रिस्तसभेने मात्र दिरंगाईने का होईना, त्यांची दखल घेतली. १८२५ साली परमगुरुस्वामी बारावे लिओ ह्यांनी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

वाचकहो, रंगीत काचेची खिडकी दिवसा बाहेरून पाहिली तर काळवंडलेली दिसते. शिशाच्या रेषा, धूळ आणि मळकट काच ह्यांखेरीज तीत काही नजरेस येत नाही. आत पाऊल टाकल्यावरच तीच काच सूर्याच्या योगाने पेटून उठते. आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. मंदिराचे अंगण झाडणारी बाई, आजाऱ्यासाठी धर्मगुरूला बोलावण्यास रात्री रानातून चालत येणारा मुलगा, मुलांना प्रार्थना शिकविणारा वृद्ध शिक्षक, महोत्सवासाठी सरपण तोडून आणणारे गडी, ह्यांची नावे स्मरणिकेच्या पानावर बहुधा येत नाहीत. महोत्सवाच्या दिवशी आपण भिंती, घंटा आणि छप्पर मोजतो. ज्यांच्या योगाने ह्या भिंतींत प्रकाश येतो, त्यांना मोजण्यास आपण शिकले पाहिजे, आणि ते हयात असतानाच शिकले पाहिजे.

उल्मच्या याकोबांनी भट्टीजवळ आणि भिक्षेच्या वाटेवर एकाच मनाने काम केले. आपल्यापैकी कोणी रानात तेंदूपान तोडीत असेल, कोणी खाणीवर, कोणी शाळेत, कोणी चुलीपाशी काम करीत असेल. त्या सर्वांसाठी ह्या धन्यवादित सेवकबंधूंनी देवापाशी विनंती करावी, आणि आपल्या हातचे काम, कोणी पाहो वा न पाहो, देवाच्या प्रकाशास आत येऊ देण्याइतके निर्मळ व्हावे, हीच ह्या महोत्सवी वर्षी आमची प्रार्थना.